निकोची पायपेटी

(दृश्य : सोलापूर, पेटी दुरुस्तीचं दुकान. कारागीर पितळी सूर कापडानं पुसतोय.)

पूर्व भागातल्या यंत्रमागांची खडखड थांबली, की रात्री कुठून तरी भजनाची पेटी ऐकू येते. पेटी म्हटलं की आपल्याला माणसं आठवतात. सतरंजी, टाळ, मागून सूर ओढून धरणारी मंडळी.

जर्मन गायिका निको मात्र पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची पेटी, घेऊन एकटीच बसली. त्याआधी, १९६७ साली आलेल्या तिच्या पहिल्या अल्बमवर तिला न विचारता बासरी चढवली होती. ती ऐकून आपण रडलो, असं ती पुढे म्हणाली. मग १९६८ साली तिचा 'द मार्बल इंडेक्स' हा अल्बम आला. सगळी गाणी तिची स्वतःची. जेमतेम अर्धा तास. वेल्श संगीतकार जॉन केलनं व्हायोला आणि इतर वाद्यं भोवती रचली, पण तळाशी तिचीच पेटी.

अल्बम खपला नाही. पुढे अमेरिकी समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी त्यावर लिहिलं, तेव्हा निकोला न घाबरण्याचा हा प्रयत्न आहे, असं शीर्षकातच सांगून टाकलं. आणखी काही वर्षांनी गॉथिक रॉकवाले, म्हणजे काळोखं, उदास रॉक वाजवणारे, तिला आपली पूर्वज मानू लागले. बर्फ, थडगं, ओसाड चर्च... तिच्याबद्दल लिहिताना हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

मला हे अर्धवट वाटतं. निकोचा आवाज सपाट, ताठ, हलत नाही, ही तिच्याबद्दलची जुनी तक्रार. आपल्याकडे पेटीबद्दल तरी दुसरं काय म्हणत होते? मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं, निघत नाही, सूर जागच्या जागी उभे राहतात. त्यापायी १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. निकोनं स्वतःच्या गळ्यासारखंच वाद्य निवडलं, इतकी साधी गोष्ट आहे ही. तिथं बासरी कशी शोभणार? तो ताठपणा म्हणजे तिचं खरेपण आहे. त्यात दुःख आहेच, पण ते कुणाकडे काही मागत नाही.

(दृश्य : कारागीर एक पट्टी दाबून धरतो, डोळे मिटतो.)

या कारागिरांच्या कानाला आम्ही हेडफोन लावला. गाणं कुणाचं, ते सांगितलं नाही. इंग्रजी शब्द त्यांना कळत नव्हते. त्यांचा डावा हात मात्र नकळत भाता मारू लागला.

"खालचा सूर सोडत नाही बाई," ते म्हणाले. "परत लावा बघू."

(गाणं पुन्हा सुरू होतं. भात्याचा श्वास.)