दिवाळीत लेकीकडे निघताय? मग आधी जुन्या मित्राच्या घरी जा

नमस्कार मंडळी! समजा, आजोबा ६८ वर्षांचे, आजी ६४ च्या. राहायला सांगलीत, लेक आणि नातवंडं नागपूरला, कॉलेजातला जुना मित्र पुण्यात. बहुतेक जण मित्राला ‘येताना भेटू’ म्हणतात. तिथेच फसतं. नातवंडं दोन दिवस जास्त ठेवून घेतात, फराळ संपलेला असतो, अंगात त्राण नसतं, आणि मित्र राहूनच जातो. म्हणून मित्र जाताना घ्यायचा.

सांगली ते पुणे एसटीने. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पुढे मोफत, आणि महिलांना कुठल्याही वयात अर्धं. म्हणजे आजींचंही अर्धंच. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे हेही लक्षात असू द्या. लेक बेंगळुरूला असेल तर हिशेब बदलतो.

पुणे ते नागपूर रात्रीची रेल्वे. इथे जरा थांबू, कारण जास्तीत जास्त चुका इथेच होतात.

आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ ला उघडतं. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात असतील तर काढून टाका. नोव्हेंबर २०२४ पासून ते बंद झाले. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ६ तारखेची गाडी हवी तर तिकीट ७ सप्टेंबरला काढायचं. आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वे तिकिटांच्या संकेतस्थळाचं, खातं आधारशी आठवडाभर आधीच जोडून ठेवा. आठ वाजता ओटीपीची वाट बघत बसलात तर गाडी भरलेली दिसेल.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून नाही. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुष ६० पासून, महिला ४५ पासून. अट अशी, की त्या तिकिटावर एकटा किंवा दोघंच प्रवासी हवेत आणि दोघंही या वयात बसणारे. सोबत येणाऱ्या पुतण्याचं नाव त्याच तिकिटावर घातलं, की कोटा गेला आणि आजी वरच्या बर्थवर! पुतण्याचं तिकीट वेगळं काढा. तत्काळमध्ये हा कोटा नसतो, त्यामुळे ‘बघू आयत्या वेळी’ नको.

फराळ. चिवडा कोमट असताना डब्यात भरला तर वाफ धरते आणि तो सादळतो. पूर्ण गार होऊ द्या. चकल्या पिशवीत नाही, स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून. ओल्या नारळाच्या करंज्या या प्रवासात नेऊच नका, सुक्या खोबऱ्याच्या न्या. मित्राचा डबा वेगळा आणि वर ठेवा. त्याला साखर असेल तर लाडू कमी, चिवडा जास्त.

औषधं मुक्कामाचे दिवस अधिक पाच, एवढी घ्या. ती हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नाही. इन्सुलिन बर्फाला चिकटवू नका. गोठलं की निकामी होतं, आणि वरून कळतही नाही.

मित्राकडे फोन करून जा आणि दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि दुपारी किती वाजेपर्यंत झोपता? चारला गेलात तर गप्पा रंगतात. मुक्काम मात्र लॉजवर किंवा नातेवाइकांकडे बरा. सत्तरीतल्या वहिनींना अंथरुणं काढायला लावू नका.

लेकीला निघण्याआधीच शाळेच्या सुट्टीच्या नेमक्या तारखा विचारा. सगळ्या शाळांची सुट्टी एकाच दिवशी संपत नाही. नातवंडं वर्गात आणि तुम्ही सोफ्यावर, असं व्हायला नको.

आणि परतीचं तिकीट. ते जातानाच्या तिकिटाबरोबर निघत नाही, कारण त्याचे ६० दिवस वेगळे मोजले जातात. भाऊबीज उरकून १४ नोव्हेंबरला निघायचं, तर ते उघडणार १५ सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. आरतीच्या आधी, आठ वाजता. कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.