वनस्पतीजन्य प्लास्टिक: कार्बन आला कोठून?

नमस्कार. वनस्पतीपासून बनवलेल्या प्लास्टिकचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो तो “ते कुजते का?” हा. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे, की त्यातला कार्बन आला कोठून?

एक टन पॉलिथिन पूर्ण जाळले, तर सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. खनिज तेलापासून केलेल्या पॉलिथिनमधला हा कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता; उसाच्या इथेनॉलपासून केलेल्या पॉलिथिनमधला कार्बन मात्र पिकाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. ब्राझीलमध्ये २०१० पासून असे पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बनते. रेणू तोच असल्याने त्याचा पुनर्वापर नेहमीच्या पॉलिथिनबरोबरच होतो, आणि उघड्यावर टाकले तर तेही कुजत नाही. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारे पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) हे प्लास्टिक कुजते खरे, पण त्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान टिकवणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. समुद्राच्या थंड पाण्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते.

पीक म्हटले की जमीन आणि खते आलीच. नत्रयुक्त खतांमुळे शेतातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू सुटतो, आणि लागवडीसाठी जंगल तोडले तर मिळवलेला फायदा तिथेच संपतो. म्हणूनच मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या, शेतमालाच्या टाकाऊ भागातून मिळणाऱ्या राळी, म्हणजे रंग, लेप आणि यंत्रभागांत वापरले जाणारे, घट्ट होणारे चिकट पदार्थ (रेझिन).

काजूबीचेच पाहा. गर काढल्यावर उरणाऱ्या टरफलाच्या जाळीदार थरात गडद तपकिरी तेल असते, इतके दाहक की हाताला लागले तर कातडी सोलवटते. ते तापवले की त्यातून कार्डेनॉल मिळते. एरवी पेट्रोलियममधल्या बेंझीनपासून बनवावे लागणारे फिनॉलचे कडे (राळी बनवायला लागणारी, कार्बन अणूंची कड्यासारखी रचना) इथे झाडानेच तयार करून ठेवलेले असते, शिवाय त्याला पंधरा कार्बनची लांब साखळी जोडलेली असते. ही साखळी पाणी दूर ठेवते आणि राळेला लवचिकपणा देते. त्यामुळे कार्डेनॉलपासून केलेले हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारे पदार्थ, थंड, दमट हवेतही इपॉक्सी ही राळ घट्ट करतात आणि जहाजांच्या रंगांत वापरले जातात.

बायोडिझेल बनवताना उरणाऱ्या ग्लिसरीनपासूनही इपॉक्सीचा एक मुख्य घटक, एपिक्लोरोहायड्रिन, तयार करता येतो. जहाजावरच्या लेपात किंवा यंत्राच्या भागात वापरलेली अशी राळ अनेक वर्षे टिकते, आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन तेवढा काळ तिच्यातच अडकून राहतो.