ऐरोलीचे दिवागाव : बांध, भूखंड आणि खाडी

मध्य रेल्वेचे दिवा जंक्शन वेगळे. हे दिवागाव नवी मुंबईतल्या ऐरोलीचे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि खाडीपलीकडे मुंबईचे मुलुंड-भांडुप, अशा चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळ्यांची जी गावे वसली, त्यांपैकी हे एक.

या पट्टीतली बरीचशी भातशेती खाडीकडून मिळवलेली होती. भरतीचे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे आणि त्यांत झडपेची उघाडी ठेवायची, ही खारबंदिस्तीची रीत. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटीला आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत उतरते आणि जाताना जमिनीतला खारही धुऊन नेते. त्यानंतरच भात लावायचा, तोही खार सोसणाऱ्या वाणाचा, आणि वर्षाला एकच पीक घ्यायचे. खेकड्याने बांधाला पाडलेले भोक वेळेवर बुजवले नाही, तर भरतीचे पाणी साऱ्यांच्याच खाचरांत शिरणार. त्यामुळे बांधाची राखण एकट्यादुकट्याचे काम नव्हते, ती गावकीची जबाबदारी होती.

१७ मार्च १९७० रोजी सिडको या शहर-उभारणीच्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी भूसंपादन सुरू झाले. मोबदल्यावरून धुमसणारा असंतोष जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात रस्त्यावर आला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना हे या लढ्याचे फळ. भूखंड मिळाले, खाचरे मात्र गेली, आणि गावकीचे ते जुने काम त्यांच्याबरोबरच संपले.

खाडी मात्र संपादित झाली नाही. निवटी, चिंबोरी, कोळंबी आणि बोय यांच्यासाठी होड्या आजही पाण्यात उतरतात, जरी शहराच्या सांडपाण्याने मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीहून निघणाऱ्या पक्षीदर्शनाच्या बोटींनाही खाडीचेच वेळापत्रक पाळावे लागते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, यांचा हिशेब कोळी तिथीवरूनच मांडतो. कारण चिखलपट्टे उघडे पडल्याशिवाय रोहित चरायला उतरत नाहीत, आणि पाणी फार ओसरले तर बोट रुतते.