आधी पाणी, मग पट्टी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपुरात सकाळी फुटाळा तलावाकडे किंवा सेमिनरी हिल्सवर फिरायला जात असाल, तर ते चाक तुम्ही पाहिलं असेल. एकच चाक. सीट नाही, हँडल नाही. दोन बाजूंना पाय ठेवायला दोन पेडल, आणि त्यावर एखादा पोट्टा ताठ उभा राहून सर्रकन निघून जातो. माझ्यासोबत फिरायला येणाऱ्या वहिनींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "अवो, हा तर उभ्या उभ्या उडून राहिला!" त्याला म्हणतात इलेक्ट्रिक युनिसायकल. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते. आतला सेन्सर तोल मोजत असतो आणि मोटर त्या हिशेबानं चाक फिरवत असते.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. त्यातली बरीच वर्षं ड्रेसिंगरूममध्ये गेली. म्हणून आज मी बोलणार आहे ते खरचटण्याबद्दल. हाड मोडलं की लोक घाबरतात, टाके पडणार म्हटलं की घाबरतात. खरचटलं तर म्हणतात, काही नाही, फक्त खरचटलं. पण कातडीचा वरचा पापुद्रा निघाला की खालच्या नसा उघड्या पडतात, म्हणूनच ते एवढं चुरचुरतं. आणि रस्त्यावरची अर्धी माती त्याच जखमेत जाऊन बसते.

तर ऐका. दोन वर्षं झाली याला. फेब्रुवारीचा शेवट, रविवार, सकाळचे साडेसहा. आम्ही दोघी सेमिनरी हिल्सचा चढ चढत होतो. समोरून, म्हणजे उतारावरून, एक मुलगा त्या चाकावर खाली येत होता. हेल्मेट होतं, ते मी आधी पाहिलं. माझी नजर तिथेच जाते. पण खाली हाफपँट, आणि हात उघडे. तो आमच्यापासून वीसेक पावलांवर आला असेल, तेवढ्यात चाक ओरडायला लागलं. टीं टीं टीं टीं. पेडल पुढून वर उचलली गेली. मुलगा दचकला, तोल सावरायला पुढे वाकला, आणि गेला. दोन्ही तळवे पुढे टाकून पडला आणि सिमेंटच्या रस्त्यावर हातभर घसरत आला. चाक बाजूला आडवं पडून अजून टीं टीं करतच होतं.

माणसं जमली. दोघांनी मोबाइल काढले. मला याचा फार राग येतो, तेव्हाही आला, आजही येतो. पडलेल्या माणसाला हात द्यायला दोन हात लागतात, त्यातला एक तुम्ही फोनला देऊन बसता. कायद्याची भीती वाटते म्हणावं, तर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अपघातातल्या माणसाला चांगल्या मनानं मदत करणाऱ्याला आता त्या कायद्याचं संरक्षण आहे. तो फोन आधी खिशात ठेवा.

असो. मुलगा उठून बसला. आधी मी त्याला बोलतं केलं. नाव विचारलं, वार विचारला, कुठे राहतो विचारलं. सगळं नीट सांगितलं. मान दुखते का? नाही. उलटीसारखं? नाही. हे विचारल्याशिवाय माणसाला उभं करायचं नाही. मग गुडघा पाहिला. तळहाताएवढी जागा सोललेली, लालभडक, आणि त्यात बारीक काळी खडी, जशी काही मोहरी पेरली. तो मला म्हणतो, "काकू, काही नाही झालं, खरचटलं फक्त."

तिथे एका बाईंची चहाची टपरी आहे. त्या धावत आल्या. "थांबा नं ताई, हळद आणून राहिले मी!" एक गृहस्थ म्हणाले, कॉफी पावडर दाबा, रक्त पटकन थांबते. तिसऱ्याने स्पिरिट सुचवलं. सगळ्यांचं मन चांगलं होतं, मी कुणाला दोष देत नाही. पण मी म्हटलं, बाई, हळद राहू द्या, पाणी द्या. तिथे वीस लिटरची प्यायच्या पाण्याची कॅन होती. मी ती मागितली. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "ताई, दिवसभराचं पाणी आहे ना ते माह्यं." मी म्हटलं, भरून देते, आता ओता. आणि श्रोतेहो, मग त्या बाई खाली बसल्या, लोटा घेतला आणि धार धरली ती सोडलीच नाही. दहा मिनिटं. मी घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली.

दहा मिनिटं खूप वाटतात. दोन लोट्यांतच लोक म्हणतात, झालं धुऊन. नाही होत. पहिल्या लोट्याला वरची धूळ जाते. खडी निघते ती पाचव्या, सहाव्या, दहाव्या लोट्याला. माझ्या पिशवीत गॉजची दोन पाकिटं कायम असतात. ओल्या गॉजनं मी एकाच दिशेनं हलक्या हातानं पुसत गेले आणि काळे कण एकेक करून निघत गेले. मुलगा ओरडला, रडलासुद्धा. मी म्हटलं, ओरड बाबा, मनसोक्त ओरड. खडी आत राहिली तर कातडी तिच्यावरूनच भरून येते आणि तिथे गोंदल्यासारखा निळा-काळा डाग जन्मभर राहतो. असे गुडघे मी ड्रेसिंगरूममध्ये पुष्कळ पाहिले. मग डाग काढायला डॉक्टरांकडे जायचं, पैसे घालायचे, आणि दुखायचं ते पुन्हा दुखायचंच.

आता मनगट. तो म्हणत होता, मनगट ठीक आहे, थोडं मुरगळलं. सूज फारशी नव्हती. मी त्याला अंगठा वर ताणायला सांगितला. अंगठा असा ताणला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो, तुम्हीही आता करून बघा. त्या खळग्यात मी बोट दाबलं. पोरगा एकदम कळवळला. मी म्हटलं, चल, एक्स-रे. त्या खळग्याखाली होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड. हात टेकून पडलं की ते मोडतं. आणि पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही! याचंही तसंच झालं. एक्स-रे स्वच्छ. पण डॉक्टर अनुभवी होते, त्यांनी दुखतंय म्हणून प्लॅस्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या एक्स-रेत चीर दिसली. या हाडाला रक्ताचा पुरवठा कमी असतो. दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही, आणि मनगट कायमचं दुखत राहतं. तो त्या दिवशी मुरगळलं म्हणून घरी गेला असता तर?

प्लॅस्टर निघाल्यावर तो मुलगा एका रविवारी त्याच टपरीवर आला. खांद्यावर पाण्याची भरलेली वीस लिटरची कॅन. बाईंच्या समोर ठेवली आणि म्हणाला, "घ्या मावशी, तुमचं उधार." बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याला चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

मी त्याला विचारलं, पडलास कसा? खड्डा नव्हता, कुत्रं आडवं आलं नव्हतं. तेव्हा त्यानं सांगितलं, आणि ही गोष्ट चाक चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. त्यानं रात्रभर चार्ज करून बॅटरी पूर्ण भरली होती आणि निघाला तो थेट उतारावरून. उतारावर चाक वेग रोखतं तेव्हा मोटर उलट वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? मग चाक शिट्टी मारतं आणि पेडल पुढून उचलून सांगतं, थांब. तो म्हणाला, "मले वाटलं, बॅटरी फुल आहे तर टेन्शन काय!" तर उतारावरून निघायचं असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवा. पुन्हा सांगते, पूर्ण भरलेली बॅटरी आणि उतार, हे दोन्ही एकत्र नको.

आणि उलटंही खरं. बॅटरी उतरत आली की मोटरची ताकद कमी होते. तेव्हा जोरात पुढे झुकलात तर मोटर तुम्हाला तोलू शकत नाही, चाक नाक खाली टाकतं आणि तुम्ही तोंडावर पडता. चार्ज कमी असला की हळू चला. शिट्टी वाजली की आणखी हळू. आणि कानात ते इअरबड घालून निघू नका. चाक बोलतं, ते ऐकू तर आलं पाहिजे! मला तर वाटतं, सकाळी फिरायला येणाऱ्यांनीही ते काढून ठेवावेत. सेमिनरी हिल्सवर एवढे पक्षी बोलत असतात आणि आपण कानात बोळे घालून चालतो.

अंगावर काय घालायचं? हेल्मेट, शक्यतो हनुवटी झाकणारं, कारण पडणं बहुतेक वेळा पुढेच होतं. गुडघ्याला आणि कोपराला पॅड. आणि मनगटाला रिस्ट गार्ड, तळहाताच्या बाजूनं कडक प्लॅस्टिकची पट्टी असलेलं. पडल्यावर ती पट्टी रस्त्यावरून घसरते, त्यामुळे सगळा धक्का मनगटात थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घाम येतो, हे मला मान्य आहे. पण आपल्या मुली त्याच उन्हात डोक्याला दुपट्टा आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून गाडी चालवतातच ना? त्या पोरींचं मला फार कौतुक आहे. चाकावर मात्र दुपट्ट्याची टोकं नीट खोचून घ्या, मोकळी सोडू नका.

शिकताना रिकामं पटांगण निवडा, रस्ता नको. आपले सिमेंटचे रस्ते आणि कडेचे गट्टू यांच्यात कितीतरी ठिकाणी चार बोटांची पायरी आहे. चारचाकीला ती कळत नाही. एका चाकाला ती पाडते, सायकलवाल्या म्हाताऱ्या माणसालाही पाडते. रस्ता करणाऱ्यांनी कडेची ती पातळी एकदा वाकून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

वेळ थोडा उरला आहे, तर घरचं पटकन सांगते. खरचटलं की आधी आपले हात साबणानं धुवा. मग जखमेवर पाणी, नळाचं चालेल. नळाखाली गुडघा धरता येत नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा आणि बाटली दाबा, छान धार लागते. आधी पाणी, दहा मिनिटं पाणी. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्यानं नवी येणारी कातडीही जळते. हळद, कॉफी, टूथपेस्ट नको. कापूसही नको, त्याचे धागे आत चिकटतात. धुऊन झालं की पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी. रोज बदला, आणि चिकटली तर ओढू नका, पाण्यानं भिजवून काढा.

"जखम उघडी ठेवा, सुकू द्या" हे आपण आजीपासून ऐकत आलो. पण १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर प्रयोग केले. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं आली. खपली म्हणजे औषध नव्हे, खालच्या कातडीला तिच्यातून वाट काढावी लागते. झाकून ठेवा, ओलसर ठेवा.

धनुर्वात. लोक म्हणतात गंजलेल्या खिळ्यानं होतो. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे रस्त्यावरही. माती गेलेली जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, तर टीडीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचं इंजेक्शन घ्या.

आणि दवाखान्यात कधी? धुऊनही खडी निघत नसेल. दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, पू आला, ताप आला. मधुमेह असेल तर वाट न पाहता दाखवा, पायाची जखम असेल तर त्याच दिवशी. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे, आणि डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बोलावलं तर नक्की जा. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर स्वतःच्या गाडीवर मागे बसवून नेऊ नका. १०८ ला फोन लावा. एक, शून्य, आठ.

नमस्कार.