गेराकासची पुळण आणि तिचे दोन हक्कदार

मंडळी, ग्रीसचं झाकिंथॉस बेट म्हटलं की निळ्या पाण्याकाठी पडलेलं गंजकं जहाज डोळ्यांसमोर येतं. तो किनारा बेटाच्या दुसऱ्या बाजूला. मी बोलणार आहे दक्षिणेकडच्या लागानास उपसागराबद्दल, आणि त्यातही त्याच्या पूर्व टोकाच्या गेराकासबद्दल. मागे मातीचे फिकट कडे, पुढे मऊ वाळू आणि उथळ पाणी.

तिथे गेल्यावर पहिली नजरेत भरते ती छत्र्यांची रांग. सगळ्या पाण्याच्या अगदी लगत, कारण लाटेपासून पाच मीटरच्या पुढे छत्री रोवायला मनाई आहे. वरच्या कोरड्या वाळूत हात-दीड हात खोल लॉगरहेड कासवांची अंडी असतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. छत्रीचा दांडा सरळ त्यांच्यात घुसू शकतो. मला हा नियम फार आवडतो. माणसाला हाकललेलं नाही, फक्त ओल्या पट्ट्यात बसवलंय. सूर्य मावळला की मात्र सगळ्यांनी उठायचं. रात्र माद्यांची.

या उपसागरात अंडी घालण्याच्या सहा जागा आहेत. सेकानियाची पुळण जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटरची, पण भूमध्य समुद्रातली सर्वांत दाट घरटी तिथे. तिथे पर्यटकाला पाऊलही टाकता येत नाही. समोरचं मॅराथोनिसी बेट मला विशेष वाटतं. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं; ऊब जास्त तर माद्या. मॅराथोनिसीची वाळू पांढरट, म्हणून जरा थंड. बाकीच्या पुळणींवर माद्या जास्त निपजतात, त्यामुळे नरांची भर घालणारं हे चिमुकलं बेट राखणं किती गरजेचं, ते तुमच्या लक्षात येईल.

हे सुखासुखी झालं नाही. सागरी राष्ट्रीय उद्यान 1999 साली घोषित झालं. तरीही 30 जानेवारी 2002 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं ग्रीसला दोषी ठरवलं. अंडी घालण्याच्या पुळणीवर मोपेड फिरत होत्या, गेराकास आणि याच उपसागरातल्या दाफ्नी पुळणीच्या पाण्यात पायडल-होड्या होत्या, दाफ्नीला बेकायदा बांधकामं होती. कासवाच्या बाजूनं हा निकाल योग्यच होता. पण दाफ्नीच्या जमीनमालकांचंही ऐकायला हवं. वाडवडिलांच्या जमिनीवर बांधकामबंदी आली आणि भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षं रखडला. शेजारच्या लागानास गावात हॉटेलं उभी राहताना त्यांनी पाहिली. मग कासवाबद्दल माया कुठून येणार?

इथे मला आपलं वेळास आठवतं. मंडणगड तालुक्यातलं ते गाव, कासवं ऑलिव्ह रिडली जातीची. संवर्धनाचं काम 2002 साली सुरू झालं, पुढे कासव महोत्सव आला आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. कासवामुळे चार पैसे त्याच वाडीत राहिले. वेळासला अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. झाकिंथॉसला बहुतेक घरटी जागच्या जागी ठेवून वर जाळी बसवतात. पद्धतीतला हा फरक पुळणीप्रमाणे असणारच. पण दाफ्नीच्या माणसांना वेळाससारखा वाटा वेळीच मिळाला असता, तर न्यायालयापर्यंत जायची पाळी कदाचित आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

गेराकासला संध्याकाळी रखवालदार पुळणीवरून फेरी मारतो. लोक टॉवेल झटकतात, छत्र्या मिटतात, पायवाटेनं कडा चढून वर जातात. अंधार पडायच्या आत पुळण रिकामी होते.