/ईटीसी कोणाची?

[दृश्य: टर्मिनलवर अपग्रेडच्या ओळी धावतायत. मध्येच थांबतात.]

डेबियन या लिनक्सच्या सर्व्हरवर अपग्रेड चालू असताना डीपीकेजी, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम, अडून बसतो. /ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधली कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली आहे आणि पॅकेजसोबत नवीही आली आहे, ठेवायची कुठली? फेडोरासारख्या लिनक्समध्ये तेच काम करणारं आरपीएम असा प्रश्न विचारत नाही. तिथे बहुतेकदा तुमची फाइल जागेवर राहते आणि नवी शेजारी ‘.आरपीएमन्यू’ नावाने पडून राहते.

दोष ना अ‍ॅडमिनचा, ना पॅकेज बनवणाऱ्याचा. एकाच फाइलवर दोघांनी लिहायचं म्हटल्यावर भांडण होणारच.

[दृश्य: /ईटीसीमधल्या फाइलींची लांबलचक यादी.]

बेल लॅब्जच्या जुन्या युनिक्समध्ये /ईटीसीत पासवर्ड फाइलही होती आणि इनिट, माउंटसारखे प्रोग्रामही. लिनक्सचं पहिलं फाइलसिस्टिम स्टँडर्ड, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवायची याचे नियम, फेब्रुवारी 1994 मध्ये आलं. त्याच परंपरेतल्या एफएचएसची (फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड) 3.0 आवृत्ती 2015 ची. या मशीनपुरती सेटिंग्ज /ईटीसीत, बायनरी, म्हणजे चालवायचे प्रोग्राम, तिथे नकोत, हे त्यात स्पष्ट आहे. पण पॅकेजसोबत येणारी डिफॉल्ट सेटिंग्जही तिथेच टाकायची सवय कायम राहिली.

लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने ती सवय मोडली, आणि माझ्या मते हे त्याचं मोठं काम आहे. पॅकेजची सर्व्हिस फाइल, म्हणजे प्रोग्राम कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, /यूएसआर/लिब/सिस्टिमडी/सिस्टिममध्ये येते. ती अपग्रेडची, तिला हात लावायचा नाही.

[दृश्य: ‘सिस्टिमसीटीएल एडिट एनजिनएक्स’ टाइप होतं.]

समजा, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बंद पडला तर आपोआप पुन्हा सुरू व्हायला हवा. या आदेशाने /ईटीसीत एक छोटी ओव्हरराइड फाइल तयार होते. सर्व्हिस विभागात रीस्टार्टची तेवढी एक ओळ लिहायची. उद्या मूळ फाइल बदलली तरी तुमची ओळ तिच्यावर लागू होतच राहते.

पुष्कळ जण इथे अख्खी फाइलच /ईटीसीत कॉपी करतात. चालतं तेही, कारण एकाच नावाच्या फाइली असतील तर /ईटीसीतली जिंकते. पण मग पुढच्या आवृत्तीत सुरक्षेसाठी घातलेल्या नव्या ओळी तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि एररही येत नाही. म्हणून बदल हवा तेवढाच लिहावा. सर्व्हिस सुरूच होऊ द्यायची नसेल, तर तिच्या नावाची लिंक /डेव्ह/नल या कायम रिकाम्या फाइलकडे वळवतात. ‘मास्क’ म्हणतात ते हेच.

ओपनसुसे या लिनक्सने हा विचार पुढे नेला: डिफॉल्ट /यूएसआर/ईटीसीत, अ‍ॅडमिनचे बदल /ईटीसीत, आणि दोन्ही एकत्र वाचायला लिबइकॉन्फ ही लायब्ररी. एकेका वापरकर्त्याच्या आवडीनिवडींसाठी त्याच्या होम फोल्डरमधलं .कॉन्फिग आहेच.

नवं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: /ईटीसी रिकामी असली तरी तुमचा प्रोग्राम सुरू झाला पाहिजे. चालताना त्याला काही साठवायचं असेल, तर /व्हार/लिब आहे.

[दृश्य: ‘सिस्टिमडी-डेल्टा’चं आउटपुट.]

आणि जुना सर्व्हर ताब्यात आला, तर आधी हा आदेश चालवा. सिस्टिमडीच्या कुठल्या फाइली बदलल्या, कुठल्या वाढवल्या, कुठल्या मास्क केल्या, सगळं एका यादीत दिसतं.