पाठमोरी कवयित्री

[दृश्य: जुना पिवळसर कागद. कॅमेरा केसांवरून हळूहळू खाली.]

ही ओनो नो कोमाची. नवव्या शतकातली कवयित्री. गावातल्या देखण्या मुलीला जपानमध्ये आजही 'कोमाची' म्हणतात, एवढी हिच्या रूपाची ख्याती. आणि चित्रकारानं तिला बसवलंय पाठमोरी! लांबसडक काळे केस, एकावर एक चढवलेली वस्त्रं. चेहरा नाहीच.

मला विचाराल, तर त्यानं प्रामाणिकपणा केला. चित्र तेराव्या शतकातलं. तोवर तिला जाऊन तीनशेहून अधिक वर्षं झालेली. तिला पाहिलेलं होतं कोण? "रंग न पालटता कोमेजून जातं, ते माणसाच्या मनातलं फूल," अशा अर्थाची तिची कविता मात्र लोकांना पाठ होती.

[दृश्य: एकामागून एक कवी.]

कोमाची एकटी नव्हती. फुजिवारा नो किंतो या दरबारी रसिकानं निवडलेले छत्तीस कवी दोन लांब गुंडाळ्यांवर ओळीनं बसले होते. पार्श्वभूमी कोरी. शेजारी नाव, थोडा परिचय आणि एकतीस अक्षरांची एक कविता. चित्रं फुजिवारा नो नोबुझानेची, असं परंपरा सांगते. पुढे ती अकिताच्या सताके सरदारांकडे आली आणि सताकेंच्याच नावानं ओळखली जाऊ लागली.

1917 साली सताकेंनी ती विकायला काढली. पहिल्या महायुद्धात जहाजांच्या धंद्यावर गबर झालेल्या यामामोतो तादासाबुरोनं घेतली. (हाच गडी कोरियात वाघाच्या शिकारीला गेला होता.) युद्ध संपलं, धंदा बसला, चित्रं पुन्हा विकायला आली. आता एवढी किंमत एकटा कोण मोजणार?

तोडगा काढला मित्सुई उद्योगाचे मासुदा ताकाशी यांनी. तुकडे करायचे!

20 डिसेंबर 1919. तोक्योत मासुदांच्या घरी छत्तीस कवी आणि सुमियोशी देवस्थानाचं एक चित्र, असे सदतीस तुकडे झाले. चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्यात महाग साइगू नो न्योगो, राजघराण्यातली कवयित्री: चाळीस हजार येन. मासुदांचा जीव तिच्यावरच. चिठ्ठीत निघाला भिक्षू! ते इतके खट्टू झाले म्हणे, की ज्याला ती लागली होती त्या गृहस्थानं मुकाट्यानं अदलाबदल केली.

[दृश्य: बागेतलं लाकडी दालन.]

2019 मध्ये, शंभर वर्षांनी, क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात सदतीसपैकी एकतीस तुकडे एकत्र आले. चिठ्ठ्या निघाल्या ते दालन मासुदांनी दान केलं. आज ते तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयाच्या बागेत आहे. आत चहाचे समारंभ होतात.